मोठ्या क्रीडा स्पर्धांचा पोलीस बंदोबस्त आणि मानवी हक्क

प्रास्ताविक

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला काही शब्द वारंवार थांबवतात. ‘बंदोबस्त’ हा त्यांपैकी एक. मूळ फारसी असलेल्या या शब्दाचे ‘बंद’ आणि ‘बस्त’ हे दोन्ही घटक बांधणे या अर्थाच्या एकाच क्रियापदापासून आलेले आहेत. उर्दूत दावतीचा बंदोबस्त म्हटले की पाहुण्यांच्या बसण्या-उठण्याची, जेवणाखाण्याची सोय डोळ्यांपुढे येते. मराठीत मात्र शब्दाचा प्रवास दोन दिशांनी झाला. आपण व्यवस्थेलाही बंदोबस्त म्हणतो आणि उंदरांचाही बंदोबस्त करतो. एकात सोय आहे, दुसऱ्यात नायनाट. आंतरराष्ट्रीय क्रीडा स्पर्धेच्या वेळी शहरात जो ‘कडक पोलीस बंदोबस्त’ लागतो तो यांपैकी कोणत्या अर्थाचा, या प्रश्नाभोवती प्रस्तुत लेखाचा विषय फिरतो.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाल्या. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने सहा शहरांत झाले, त्यांत गोव्यातील फातोर्ड्याचे व नवी मुंबईचे मैदान होते. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले असून ते वडोदऱ्यापासून दोन तासांच्या अंतरावर आहे. आपल्या महाविद्यालयांतील आजचे विद्यार्थी त्या गर्दीत प्रेक्षक म्हणून असतील, स्वयंसेवक म्हणून असतील, काहीजण खाकी गणवेशात असतील आणि काहींचे आईवडील ज्या रस्त्यांवर हातगाडी लावतात ते रस्ते स्पर्धेसाठी मोकळे करण्याचा आदेश निघालेला असेल. म्हणून सुरक्षा व हक्क यांचे नाते नेमके कसे असते हे शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

सामान्य समज असा की सुरक्षा आणि हक्क ही तराजूची दोन पारडी आहेत. एक वर गेले की दुसरे खाली येणारच. गेल्या ४० वर्षांचा अनुभव तपासला तर हा समज टिकत नाही. ज्या ठिकाणी पोलिसांनी प्रेक्षकांकडे संशयित म्हणून पाहिले तेथे हक्क तर गेलेच, पण सुरक्षितताही गेली, असे पुन्हा पुन्हा आढळते. पुढील विवेचनात ही गोष्ट प्रत्यक्ष घटनांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

भीती निराधार नाही

प्रथम दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीला १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची लष्करी छाप पुसून टाकायची होती. म्हणून सुरक्षारक्षकांना फिकट निळे कपडे दिले गेले आणि त्यांच्याजवळ शस्त्रे नव्हती. ५ सप्टेंबरच्या पहाटे हल्लेखोर कुंपण ओलांडून क्रीडाग्रामात शिरले. ओलीस ठेवलेल्यांची सुटका करण्याचा प्रयत्न फसला आणि इस्रायलच्या पथकातील ११ जण व एक जर्मन पोलीस यांचा मृत्यू झाला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या काळात एका सार्वजनिक उद्यानात बॉम्बस्फोट झाला. एक स्त्री मृत्युमुखी पडली व १०० हून अधिक लोक जखमी झाले. १३ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्स या मैदानावर फ्रान्स व जर्मनी यांचा सामना सुरू असताना आत्मघातकी हल्लेखोरांनी बाहेर स्फोट घडवले. त्यांना आत शिरता आले नाही म्हणून हजारो प्रेक्षक वाचले.

या घटनांनंतर झडती, तपासणी, ओळखपत्रे, कुंपणे हे सर्व वाढले यात नवल नाही. प्रेक्षक जिवंत घरी परतणे हाही मानवी हक्कच आहे. किंबहुना जगण्याचा हक्क सर्वांत पहिला. तेव्हा ‘तपासणी नकोच’ अशी भूमिका कोणी समंजस माणूस घेणार नाही. प्रश्न असा आहे की तपासणी कशी, कोणाची, कोणत्या कायद्याने आणि चूक झाल्यास जबाबदार कोण. शिवाय एक भेद येथेच लक्षात ठेवावा. बॉम्ब घेऊन येणारा एक माणूस आणि तिकीट घेऊन येणारे ८०,००० प्रेक्षक या दोन वेगळ्या बाबी आहेत. एकासाठी आखलेली योजना सर्वांवर लावली की काय होते ते पुढे दिसेल.

जमावाविषयीचा जुना समज

पोलीस दलांच्या मनात जमावाचे जे चित्र असते त्याचा उगम बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातील आहे. फ्रेंच लेखक गुस्ताव्ह ल बाँ याने १८९५ मध्ये जमावाच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिले. गर्दीत शिरलेला माणूस स्वतःची बुद्धी गमावतो, एकाचा आवेग संसर्गाप्रमाणे दुसऱ्यात पसरतो आणि सुशिक्षित माणूसही रानटी होतो, असे त्याचे म्हणणे होते. आपल्या भाषेतही ही छाया आहे. पोलीस ठाण्याच्या मराठीत दंग्याच्या गुन्ह्याला ‘गर्दी-मारामारी’ म्हणतात. जणू गर्दी झाली की मारामारी ठरलेलीच.

या समजाची किंमत इंग्लंडमध्ये मोजावी लागली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपांत्य सामना होता. ही देशांतर्गत स्पर्धा होती. तरीही तिचा उल्लेख टाळता येत नाही, कारण पुढील सर्व विचार तिच्यापासून सुरू होतो. लिव्हरपूलच्या उभ्याने सामना पाहणाऱ्या १०,००० हून अधिक समर्थकांसाठी अवघी ७ फिरती फाटके होती. बाहेर चेंगराचेंगरी होऊ लागली तेव्हा पोलीस प्रमुखाच्या आदेशाने बाहेर जाण्याचे एक मोठे दार उघडण्यात आले. आत शिरलेले लोक समोरच्या बोगद्यातून थेट मधल्या कप्प्यांत गेले, जे आधीच भरलेले होते. बोगद्याच्या तोंडाशी त्यांना बाजूच्या मोकळ्या कप्प्यांकडे वळवायला कोणी उभे नव्हते. पुढे लोखंडी जाळी होती. प्रेक्षकांनी मैदानावर उतरू नये म्हणून ती लावलेली होती. लोक जाळीवर चढू लागले तेव्हा सुरुवातीला पोलिसांना तो मैदानावर हल्ला वाटला. एकूण ९७ जण मरण पावले. त्यांपैकी शेवटचा बळी त्या दिवशीच्या दुखापतींमुळे २०२१ मध्ये गेला.

यानंतर जे घडले ते तितकेच महत्त्वाचे आहे. दार समर्थकांनीच फोडले, असे पोलीस प्रमुखाने सांगितले. ते खोटे होते. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने १९८९ मध्येच पोलिसांचे नियंत्रण कोसळणे हे मुख्य कारण असल्याचा निष्कर्ष काढला, तरी दारुड्या समर्थकांची कथा लोकांच्या मनातून गेली नाही. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने कागदपत्रे तपासली तेव्हा पोलिसांचे १६४ जबाब बदलण्यात आल्याचे आढळले. ११६ जबाबांमधून पोलिसांच्या विरोधातील मजकूर काढलेला होता. एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे २७ वर्षांनंतर, ज्युरीने हे मृत्यू बेकायदा मनुष्यहत्या असल्याचे आणि समर्थकांचा त्यात दोष नसल्याचे जाहीर केले.

दरम्यान मानसशास्त्रात ल बाँच्या मताला आव्हान मिळाले होते. स्टीफन रायकर, क्लिफर्ड स्टॉट, जॉन ड्रुरी आदी ब्रिटिश अभ्यासकांनी प्रत्यक्ष दंगलींचा अभ्यास करून दाखवले की गर्दीतील माणूस स्वतःला विसरत नाही. तो त्या वेळी ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ या नात्याने विचार करतो. या ‘आम्ही’त कोण येते आणि कोण बाहेर राहते हे बरेचसे पोलिसांच्या वागण्यावर ठरते. हजार प्रेक्षकांत वीसजण भांडखोर असतील आणि पोलिसांनी हजारांवर सरसकट लाठी चालवली, तर उरलेल्या ९८० जणांना वाटते की आपल्यावर अन्याय झाला, आणि ते त्या वीसजणांच्या बाजूला सरकतात. पोलिसांनी नेमक्या त्या वीसजणांना बाजूला केले, तर गर्दी स्वतःच त्यांना आवरते. वर्ग सांभाळणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हा अनुभव आहे. दोन मुलांच्या खोडीसाठी साऱ्या वर्गाला उभे केले की दुसऱ्या दिवशी त्या दोघांचे मित्र वाढलेले असतात.

पोर्तुगालचा प्रयोग

२००० साली बेल्जियम व नेदरलँड्स येथे झालेल्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत ब्रुसेल्स आणि शार्लर्वा या शहरांत इंग्लंडच्या समर्थकांना शेकड्यांनी पकडण्यात आले. पाण्याचा मारा झाला, सरसकट धरपकड झाली आणि बहुतेकांना कोणताही आरोप न ठेवता मायदेशी पाठवण्यात आले. त्यांच्यापैकी दोषी किती व निर्दोष किती याचा निवाडा कधी झालाच नाही.

चार वर्षांनी हीच स्पर्धा पोर्तुगालमध्ये भरली. तेथील शहरी पोलीस दलाने वर उल्लेखिलेल्या अभ्यासकांच्या मदतीने वेगळी पद्धत स्वीकारली. साध्या गणवेशातील पोलीस दोघादोघांच्या जोडीने चौकांत फिरत, पाहुण्यांशी बोलत, रस्ता सांगत, त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढून घेत. शिरस्त्राणे व ढाली घेतलेली दंगल-नियंत्रण पथके होती, पण ती नजरेआड उभी असत. गर्दीचा नूर बदलतो आहे हे गर्दीत मिसळलेल्या पोलिसाला आधी कळे. मग त्या विशिष्ट व्यक्तीशी बोलणे, न ऐकल्यास त्यालाच बाजूला घेणे, आणि त्यानेही न भागल्यास पुढची पायरी, असा क्रम ठरलेला होता. म्हणजे बळाचा वापर सोडून दिलेला नव्हता. तो पायऱ्यापायऱ्यांनी आणि माणूस पाहून करायचा होता.

परिणाम असा झाला की इंग्लंडचे प्रचंड संख्येने समर्थक येऊनही सामन्यांच्या शहरांत मोठी दंगल झाली नाही. याउलट, आल्गार्व्ह किनाऱ्यावरील आल्बुफेरा या पर्यटनस्थळी, जेथे सामनेही नव्हते, लागोपाठ दोन रात्री इंग्लिश पर्यटक व पोलीस यांच्यात चकमकी झाल्या. तो भाग दुसऱ्या पोलीस दलाकडे होता आणि त्या दलाने ही पद्धत स्वीकारलेली नव्हती. देश तोच, स्पर्धा तीच, समर्थकही त्याच देशाचे. पोलिसांची पद्धत तेवढी वेगळी.

येथे एक नोंद करणे न्यायाचे ठरेल. शांततेचे सारे श्रेय पोर्तुगीज पोलिसांना देता येणार नाही. ब्रिटनने दोन हजारांहून अधिक ज्ञात गुंडांना परदेशी सामन्यांना जाण्यास आधीच बंदी केली होती. मात्र तीही सुनावणी घेऊन, व्यक्तीव्यक्तीवर केलेली बंदी होती. दोन्ही उपायांमागील तत्त्व एकच दिसते: ज्याने काही केले आहे त्याच्यावर कारवाई, सर्वांवर नाही.

सां-देनीचा करार आणि सां-देनीची रात्र

१९८५ मध्ये ब्रुसेल्सच्या हेसेल मैदानावर, लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्यातील अंतिम सामन्यापूर्वी, काही लिव्हरपूल समर्थकांनी केलेल्या हल्ल्यानंतर भिंत कोसळून ३९ जण मरण पावले, त्यांत बहुसंख्य इटालियन होते. त्यानंतर युरोप परिषदेने त्याच वर्षी जो करार केला त्याचा रोख प्रेक्षकांच्या हिंसाचारावर होता. तीस वर्षांच्या अनुभवानंतर हा दृष्टिकोन अपुरा वाटू लागला आणि ३ जुलै २०१६ रोजी नवा करार स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला. तो पॅरिसच्या उपनगरात, सां-देनी येथील स्ताद द फ्रान्सवरच खुला झाला, म्हणून त्याला सां-देनीचा करार म्हणतात.

या कराराचे तीन खांब आहेत. त्यांतील पहिल्या दोहोंसाठी मराठीत आपण बहुधा ‘सुरक्षा’ हा एकच शब्द वापरतो, त्यामुळे भेद झाकला जातो. पहिला खांब म्हणजे सुरक्षितता: जिने, दारे, वाटा, आग, चेंगराचेंगरी यांपासून माणूस सुखरूप राहणे. दुसरा म्हणजे संरक्षण: गुन्हा, हिंसाचार, दहशतवाद यांना आळा. तिसरा म्हणजे सेवा: आलेल्या माणसाला पाहुणा मानून पाणी, स्वच्छतागृह, त्याला कळेल अशा भाषेत माहिती, अपंगांसाठी सोय. करार सांगतो की हे तिन्ही एकत्र आखले पाहिजेत. केवळ दुसऱ्यावर भर दिला की पहिला ढासळतो.

फ्रान्सने हा करार स्वीकारला होता. तरीही २८ मे २०२२ रोजी त्याच मैदानावर जे घडले ते या कराराचे उलटे प्रात्यक्षिक होते. चॅम्पियन्स लीगचा लिव्हरपूल विरुद्ध रिअल माद्रिद हा अंतिम सामना मुळात सेंट पीटर्सबर्गला व्हायचा होता. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर तो तीन महिन्यांच्या तयारीवर येथे आणण्यात आला. त्या दिवशी एका उपनगरी रेल्वेमार्गावर संप होता, त्यामुळे नेहमीपेक्षा कितीतरी अधिक लोक दुसऱ्या स्थानकावर उतरले. तेथून मैदानाकडे जाणारी वाट महामार्गाखालून निघून एका अरुंद चढणीवर येते. तिच्या तोंडाशी पोलिसांनी तपासणी-नाका उभा केला होता. दहशतवादविरोधी झडती आणि तिकिटाची तपासणी एकाच जागी, आणि पोलिसांच्या गाड्यांनी वाट आणखी अरुंद झालेली. हजारो लोक तासन्‌तास अडकले. नंतर हा नाका उठवण्यात आला आणि तीच गर्दी फिरत्या फाटकांवर जाऊन आदळली. तेथे काही फाटके बंद होती. पोलिसांनी कुंपणाच्या आतून मिरपुडीचा फवारा मारला, अश्रुधुराची नळकांडी सोडली. त्यात लहान मुले होती, चाकाच्या खुर्चीवरचे प्रेक्षक होते. बाहेर स्थानिक टोळ्या प्रेक्षकांना लुटत होत्या, पण पोलिसांचे लक्ष प्रेक्षकांवरच होते.

सामना अर्ध्या तासाहून अधिक उशिरा सुरू झाला. मैदानातील फलकावर कारण झळकले: प्रेक्षक उशिरा आले. ते वेळेच्या कितीतरी आधी आलेले होते. गृहमंत्री जेराल्ड दारमानिन यांनी ३० ते ४० हजार ब्रिटिश समर्थक तिकिटाविना किंवा बनावट तिकिटे घेऊन आल्याचे सांगितले. प्रत्यक्षात फाटकांवर आढळलेल्या बनावट तिकिटांची संख्या सुमारे २,६०० होती. जुलै २०२२ मध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालाने लिव्हरपूलच्या समर्थकांना दोष देणे अन्यायाचे असल्याचे म्हटले. मैदानावरील कॅमेऱ्यांचे चित्रण सात दिवसांनी आपोआप पुसले गेले होते, कारण ते वेळेत कोणी मागितलेच नाही, हेही सिनेटसमोर उघड झाले. युरोपीय फुटबॉल महासंघाने नेमलेल्या स्वतंत्र समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुख्य जबाबदारी महासंघाचीच ठरवली, पॅरिस पोलिसांवरही ठपका ठेवला आणि कोणाचा जीव गेला नाही याबद्दल आश्चर्य व्यक्त केले. या समितीचे एक निरीक्षण विशेष बोलके आहे. हिल्सबरोला समर्थकच जबाबदार होते, ही १९८९ ची खोटी कथा ३३ वर्षांनंतरही फ्रेंच पोलिसांच्या नियोजनामागे उभी होती.

त्या गर्दीत हिल्सबरोतून वाचलेले अनेकजण होते. जाळीशी चेपले गेल्यावर काय होते हे त्यांना ठाऊक होते. गर्दी शांत राहिली, लोकांनी एकमेकांना ढकलू नका म्हणून सांगितले, मुलांना डोक्यावरून पलीकडे दिले, आणि बऱ्याच अंशी या शहाणपणामुळेच त्या रात्री मृत्यू टळले. ज्या गर्दीला पोलीस धोका मानत होते तिनेच पोलिसांच्या चुकीतून माणसे वाचवली.

अश्रुधुराबाबत आणखी एक उदाहरण द्यावे लागेल. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातील मलांग शहरात, कांजुरुहान मैदानावर, काही प्रेक्षक मैदानात उतरल्यावर पोलिसांनी प्रेक्षकांच्या सज्जांच्या दिशेने अश्रुधूर सोडला. लोक अरुंद दारांकडे धावले आणि १३५ जण मरण पावले. फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमांत मैदानावर असा वायू वापरण्यास मनाई आहे. रस्त्यावर अश्रुधुराचा हेतू लोकांनी पांगावे हा असतो. चारी बाजूंनी बंद जागेत पांगायला वाटच नसते.

मैदानाबाहेरची माणसे

आतापर्यंत प्रेक्षकांचा विचार झाला. परंतु ज्यांनी तिकीट काढलेले नाही अशांचेही हक्क अशा स्पर्धांत पणाला लागतात. १९६८ साली मेक्सिकोत ऑलिंपिक सुरू होण्याच्या दहाच दिवस आधी, २ ऑक्टोबरला, त्लातेलोल्को चौकात निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. जगाचे कॅमेरे येण्यापूर्वी शहर शांत दिसावे ही सरकारची घाई त्यामागे होती. आज असे उघड प्रकार क्वचित होतात, पण शहर नीटनेटके दिसावे ही घाई कायम आहे आणि तिचा पहिला भार रस्त्यावरच्या माणसावर पडतो.

दिल्लीत २०१० च्या स्पर्धांपूर्वी हेच झाले. वस्त्या हटवल्या गेल्या आणि भीक मागणाऱ्यांना पकडून जागच्या जागी निकाल देणारी फिरती न्यायालये रस्त्यांवर आली. यासाठी वापरलेला कायदा आपल्याच प्रदेशातला होता: मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९, जो पुढे दिल्लीला लागू करण्यात आला. त्यातील ‘भीक’ या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरत दाखवणे, वस्तू विकण्याच्या निमित्ताने पैसे मागणे हे सर्व तिच्यात बसते. एवढेच नव्हे तर उपजीविकेचे उघड साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणेही बसू शकते. वॉरंटाशिवाय अटक, प्रथम एक ते तीन वर्षे स्थानबद्धता आणि पुन्हा पुन्हा पकडल्यास दहा वर्षांपर्यंत. म्हणजे आपल्या परंपरेतील वासुदेव, डोंबारी, पोतराज हे सगळे स्पर्धेच्या काळात गुन्हेगार ठरू शकत होते. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, न्या. गीता मित्तल व न्या. सी. हरी शंकर यांच्या खंडपीठाने, भीक मागणे गुन्हा ठरवणारी या कायद्यातील कलमे दिल्लीपुरती रद्द केली. गरजू माणसाला अन्न-निवारा देण्यात शासन कमी पडले, तर त्याची शिक्षा त्या माणसाला देता येणार नाही, असा निकालाचा आशय होता. स्पर्धा १२ दिवसांची होती. निकाल लागायला आठ वर्षे गेली.

दुसरा प्रश्न नजरेचा, म्हणजे पाळतीचा आहे. पॅरिस ऑलिंपिकसाठी फ्रान्सने १९ मे २०२३ चा खास कायदा केला. कॅमेऱ्यांचे चित्रण संगणकीय प्रणालीने तपासून बेवारस सामान, अचानक वाढलेली गर्दी, उलट दिशेची हालचाल अशा गोष्टी ओळखण्याची परवानगी त्याने दिली. चेहऱ्यावरून ओळख पटवण्यास मनाई होती आणि प्रयोगाची मुदत ३१ मार्च २०२५ पर्यंत होती. ही बंधने घातली हे चांगलेच झाले. पण मुदत वाढवण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये तेथील घटना परिषदेला एक तरतूद रद्द करावी लागली. यातून घेण्यासारखा धडा असा की स्पर्धेसाठी आणलेले अधिकार स्पर्धेबरोबर आपोआप परत जात नाहीत. त्यांना शेवटची तारीख लागते, आणि त्या तारखेवर लक्ष ठेवणारे कोणीतरी लागते.

कायद्याच्या चार कसोट्या

पोलिसांच्या बळाविषयी आंतरराष्ट्रीय पातळीवर जे नियम मान्य झाले, त्यांत १९७९ ची संयुक्त राष्ट्रांची आचारसंहिता आणि १९९० ची हवाना येथे स्वीकारलेली मूलतत्त्वे प्रमुख आहेत. त्यांचे सार चार कसोट्यांत सांगता येते. पहिली, कायदेशीरता: अधिकार कोणत्या कलमाने मिळाला? दुसरी, आवश्यकता: याहून सौम्य उपाय होता का? तिसरी, प्रमाणबद्धता: टाळायचे नुकसान मोठे की उपायाने होणारे? चौथी, उत्तरदायित्व: बळ वापरल्याची नोंद कोण ठेवतो आणि चौकशी कोण करतो? सां-देनीत पुसले गेलेले चित्रण आणि हिल्सबरोत बदललेले जबाब या चौथ्या कसोटीवर नापास होतात. नोंद नसेल तर पहिल्या तीन कसोट्या लावताच येत नाहीत.

आपल्याकडेही ही तत्त्वे परकी नाहीत. राज्यघटनेचे अनुच्छेद १९, २१ आणि २२ त्यांचा पाया आहेत. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसाठी नियम घालून दिले: अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी हवी, अटकेचे टिपण करून त्यावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकाला कळवले पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. २०१६ मध्ये अनिता ठाकूर प्रकरणात याच न्यायालयाने स्पष्ट केले की जमाव हिंसक झाल्यास पोलीस बळ वापरू शकतात, परंतु परिस्थिती आटोक्यात आल्यावरही मारहाण चालू ठेवणे हे हक्कांचे उल्लंघन आहे. जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि ‘१४४ कलम’ आता १६३ झाले. क्रमांक बदलला तरी जमावबंदीचा आदेश कारणे देऊन व ठरावीक मुदतीसाठीच काढावा लागतो, हे बदललेले नाही.

समारोप

४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर क्रिकेट संघाच्या विजयोत्सवात ११ जण चेंगरून मरण पावले. ती आंतरराष्ट्रीय स्पर्धा नव्हती, पण बेळगावच्या वाचकांना त्या बातमीचा हादरा आठवत असेल. तेथे आलेले लोक दंगेखोर नव्हते. आनंद साजरा करायला आलेली बहुतेक तरुण मुले होती. प्रवेश कोणाला, कोणत्या दाराने, किती वाजता, याची नीट माहिती त्यांना मिळाली नव्हती. सां-देनीच्या तिसऱ्या खांबाला, सेवेला, दुय्यम मानू नये ते यासाठीच. वेळेवर दिलेली खरी माहिती हे लाठीपेक्षा मोठे सुरक्षा-साधन आहे.

शिक्षक या नात्याने आपण काय करू शकतो? मोठ्या स्पर्धांसाठी महाविद्यालयांकडे स्वयंसेवकांची मागणी होते. मुले पाठवण्यापूर्वी आयोजकांना काही साधे प्रश्न लेखी विचारता येतात. झडतीची जागा आणि तिकीट-तपासणीची जागा वेगळी आहे काय? दार बंद पडल्यास लोकांना कोणत्या वाटेने वळवणार, आणि तेथे कोण उभे राहणार? सूचना किती भाषांत आहेत? मुलींची व स्त्रियांची झडती स्त्री पोलीस घेणार काय? चित्रण किती दिवस जपले जाईल? रस्त्यावरील विक्रेत्यांना कोठे व किती दिवसांसाठी हलवणार, आणि परत कधी येऊ देणार? नागरिकशास्त्राच्या वर्गात स्थानिक जत्रा, उरूस किंवा क्रिकेट सामन्याचा बंदोबस्त घेऊन हेच प्रश्न विद्यार्थ्यांना सोडवायला देता येतील. आपल्या विद्यार्थ्यांपैकी जे पुढे पोलीस भरतीला जातात त्यांच्यासाठी तर हा अभ्यास धाव आणि गोळाफेकीइतकाच उपयोगाचा आहे.

अहमदाबादच्या स्पर्धांना अद्याप अवधी आहे. तेथील मोठ्या मैदानाची आसनक्षमता १,३२,००० आहे. आराखडे आता तयार होतील, आणि फाटकांची संख्या, वाटांची रुंदी, पोलिसांचे प्रशिक्षण या गोष्टी आराखड्यातच ठरतात. गर्दी दारात आल्यावर त्या बदलता येत नाहीत. बंदोबस्त या शब्दाचा पाहुण्यांची सोय हा अर्थ त्या आराखड्यात जागा मिळवू शकला, तर दुसऱ्या अर्थाची गरज पुष्कळच कमी पडेल.